संध्याकाळी सातची वीज

कर्नाटकात कोळसा आला तो पर्याय म्हणून. आज सगळीकडे कोळशाला पर्याय शोधला जातो, तेव्हा हा उलटा इतिहास आठवलेला बरा. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. १९०५ मध्ये त्याच विजेवर बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले. मग जोग, मग १९६४ मध्ये लिंगनमक्कीचं धरण आणि शरावतीचं मोठं जलविद्युत केंद्र. १९८५ साली रायचूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू होईपर्यंत या राज्याची जवळजवळ सगळी वीज पाण्याची होती, म्हणजे आजच्या भाषेत 'नवीकरणीय'. आणि तीच अडचण होती. पाऊस चुकला की जलाशय खाली जात, कारखान्यांची वीज कापली जाई. आभाळावर विसंबून राहायला नको म्हणून कोळसा आणला.

चाळीस वर्षांनी आपण पुन्हा आभाळाकडे निघालो आहोत, या वेळी सूर्य आणि वारा घेऊन. हा प्रवास योग्य आहे की नाही हा वाद माझ्या मते संपला आहे. वाद उरला आहे तो कोणत्या तासाची वीज कुठून आणायची आणि ती कुणाच्या जमिनीवर उभी करायची, एवढाच. बेळ्ळंदूरमध्ये राहून हा प्रश्न जितका स्वच्छ दिसतो तितका पुस्तकात दिसत नाही.

बेळ्ळंदूर म्हणजे एके काळी तळ्याच्या पाण्यावर भातशेती करणारं गाव. आज आउटर रिंग रोडच्या कडेला काचेच्या कचेऱ्या, मागे दहा-पंधरा मजली सोसायट्या, आणि पुणे, नागपूर, बेळगाव, कोल्हापूरहून आलेली मराठी कुटुंबं पावलोपावली. इथे काही पिकत नाही आणि वीजही तयार होत नाही. सगळं बाहेरून येतं. विजेचा काही भाग तर आपल्याच मुलखातून येतो, हे इथल्या मराठी माणसाला सहसा माहीत नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यात बरांजच्या कोळसा खाणी आहेत, त्या कर्नाटकच्या सरकारी वीज महामंडळाच्या वाट्याच्या. तिथला कोळसा रेल्वेने बळ्ळारीच्या औष्णिक केंद्रासाठी येतो. बरांजचे गावकरी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. इथली लिफ्ट वर-खाली होते तेव्हा त्यात थोडं बरांज असतं.

आढावा घ्यायचा तर आधी एक घोळ निस्तरला पाहिजे. २०२५ च्या मध्यावर बातमी आली की भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी आता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, तीही २०३० च्या उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधी. बातमी खरी आहे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. सौर पॅनेल दिवसरात्रीचा हिशेब धरला तर आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज देतं, पवनचक्की चौथ्या हिश्शाच्या थोडी वर, कोळशाचा संच त्याच्या दुपटी-तिपटीने. म्हणून निम्मी क्षमता हिरवी होऊनही देशात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेतली तीन-चतुर्थांशाच्या आसपास अजून कोळशाचीच. दोन्ही आकडे खरे असतात. भाषणात पहिला येतो, धुराड्यातून दुसरा दिसतो.

भावाचा प्रश्न मात्र सुटला आहे. २०१३ साली कर्नाटकच्या वीज नियामक आयोगाने छतावरच्या सौर विजेला युनिटमागे ९ रुपये ५६ पैसे दर ठरवला, तेव्हा तो देणं ही सरकारची मेहेरबानी वाटत होती. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडलाच्या लिलावात मोठ्या प्रकल्पांचा भाव २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो दोन रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैशांवर गेला. नवं कोळसा केंद्र या भावाच्या जवळपासही वीज देऊ शकत नाही. स्वस्त आहे का, हा प्रश्न दुपारी बारा वाजता विचारण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. तो संध्याकाळी सात वाजता विचारायचा.

त्या सातच्या आधी जरा गच्चीवर जाऊ.

बेळ्ळंदूरमधल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर लोखंडी शिडीने वर गेलं की आधी पाण्याच्या टाक्या लागतात. दोन प्रकारच्या, एक पिण्या-वापरायच्या पाण्याची, दुसरी सांडपाणी शुद्ध करून फ्लशला परत पाठवायची. मग लिफ्टची खोली, डिश अँटेना, वाळत घातलेल्या चादरी, आणि दक्षिणेकडे तोंड करून कलत्या बसवलेल्या सौर बंबांची रांग. हे बंब बहुतेक इमारतींत फक्त वरच्या दोन-तीन मजल्यांना गरम पाणी देतात. खालच्यांना गीझर. लांबच लांब पाइपमधून पाणी खाली येईपर्यंत निवतं आणि बादलीभर थंड पाणी वाया जातं, हे कारण सांगितलं जातं आणि ते खोटं नाही.

उरलेल्या जागेत सौर पॅनेल बसवायचे तर गणित असं पडतं. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि बंगळूरच्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. समजा एका टॉवरमध्ये १२० घरं आहेत आणि गच्ची आठ हजार चौरस फुटांची आहे. टाक्या-बंब वगळून निम्मी मोकळी मिळाली तर ४० किलोवॉट बसतील, महिन्याला ४,८०० युनिट. घरटी महिन्याला २०० युनिट धरली तर १२० घरांना लागतात २४,०००. म्हणजे पाचवा हिस्सा. जिना, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि सांडपाणी केंद्राचा ब्लोअर, जो दिवसाचे बरेच तास घुरघुरत असतो, एवढ्यांचं बिल यातून बऱ्यापैकी हलकं होतं. बेळगावात टिळकवाडीतल्या एखाद्या बंगल्यावर तीन किलोवॉट बसवले की घर स्वतःपुरतं होऊन वर वीज विकतं. टॉवरला ते कधीच जमणार नाही. जितकं उंच बांधाल तितकं माणशी आभाळ कमी, याला कुठलीही योजना काही करू शकत नाही.

योजना आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये. पण कर्नाटकातच २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज फुकट आहे. एक सरकार सांगतं पॅनेल लाव, बिल वाचेल. दुसरं सांगतं बिल येणारच नाही. माणूस कुणाचं ऐकणार हे सांगायला ज्योतिषी नको. सोसायटीच्या सभेत पॅनेलचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "पैसे किती वर्षांत वसूल?" आणि दुसरा, भाडेकरूंचा, "आम्ही तोवर इथे असू का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

सौर बंबांवरून आठवण काढायलाच हवी ती अमूल्य रेड्डी यांची. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९७४ साली त्यांनी 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला, खेड्यांना उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान शोधणारा. तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात शेणाच्या गॅसवर इंजिन चालवून घरांना दिवे आणि नळाला पाणी देणारा सामुदायिक प्रयोग याच मंडळींचा. पण त्यांचं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम कागदावरचं आहे. १९९० च्या सुमारास राज्य सरकार वीज केंद्रांच्या भल्यामोठ्या योजना आखत होतं. रेड्डींनी उलटीकडून हिशेब मांडला. लोकांना वीज नको असते, त्यांना आंघोळीचं पाणी, उजेड, शेताला पाणी हवं असतं. ते काम कमीत कमी विजेत कसं होईल ते आधी पाहा, मग केंद्रं मोजा. त्यांच्या यादीत गीझरच्या जागी सौर बंब आणि जुन्या बल्बच्या जागी कमी वीज खाणारे दिवे वरच्या क्रमांकावर होते. पुढे २००७ मध्ये नव्या घरांना सौर बंब सक्तीचे झाले, बिलात युनिटमागे पन्नास पैसे सूटही मिळू लागली. बंगळूर सौर बंबांची राजधानी म्हणून ओळखलं जातं ते या वाटेने.

हा मुद्दा साधा वाटतो, पण पर्यायांच्या बहुतेक चर्चा त्याला बगल देतात. बंगळूरच्या थंड सकाळी सहा ते आठ या वेळात गीझर सुरू होतात, सूर्य कामाला लागण्याच्या आधी. पॅनेलची वीज त्या वेळी नसते. आदल्या दिवशीच्या उन्हात तापलेलं बंबातलं पाणी मात्र असतं. दोनशे लिटरची ती टाकी म्हणजे ऊर्जेचा साठाच. इतका स्वस्त साठा बॅटरीला अजून जमलेला नाही.

शहराच्या गच्च्या पुरत नाहीत म्हटल्यावर ऊन बाहेरून आणावं लागतं. ते येतं तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडाहून. आंध्रच्या सीमेला टेकलेला, कायम दुष्काळी तालुका. तिथे पाच गावांच्या सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौर उद्यान प्रकल्प उभा आहे, पहिला टप्पा मार्च २०१८ चा. एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या सौर प्रकल्पांत त्याची गणना होत होती. इथली विशेष गोष्ट म्हणजे जमीन संपादन केली नाही, भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. पावगडात भुईमूग पावसावर पेरून एकरी इतकं हातात येईल याची खात्री कुठल्याच शेतकऱ्याला नव्हती. त्यामुळे ज्याच्या नावावर सातबारा (इथे त्याला 'पाहणी' म्हणतात) तो सुखी झाला, हे मान्य केलं पाहिजे.

ज्याच्या नावावर काही नव्हतं त्याचं काय? त्याची मजुरी त्या भुईमुगावर होती, शेळ्या त्या पडीक रानात चरत होत्या. आता त्या रानाला कुंपण आहे. काम आहे ते पॅनेल धुण्याचं, खाली वाढणारं गवत कापण्याचं, राखणदारीचं, आणि तेही शेतीइतक्या हातांना पुरेल एवढं नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला, विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट ज्याचे पुढारी, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना लागणाऱ्या विजेसाठी मावळातली पन्नासेक गावं पाण्याखाली जात होती. लिंगनमक्कीचे विस्थापित आजही आपल्याला मिळालेल्या जमिनींचे हक्क पक्के व्हावेत म्हणून भांडताहेत. त्या मानाने पावगडाचा करार पुष्कळ माणुसकीचा आहे. पण भाड्याच्या कागदात भूमिहीनासाठी रकाना नाही. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावोगावी उपकेंद्रांजवळ लहान सौर प्रकल्प उभे राहताहेत, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून. त्यातही पडीक आणि गायरान जमिनी जात आहेत, आणि गायरान पडीक दिसलं तरी ते कुणाचं तरी कुरण असतं.

आता दिवसाची घडी पाहू, कारण सगळं तिथेच अडतं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाची कमाल मागणी सतरा हजार मेगावॉटच्या वर गेली. राज्यात सौर क्षमता नऊ हजारांच्या पुढे आहे, पवन क्षमता सात हजारांच्या. कर्नाटकाने एक शहाणपणाची गोष्ट केली. शेतीपंपांना पूर्वी रात्री-अपरात्री मिळणारी थ्री-फेज वीज बऱ्याच भागांत दिवसावर आणली. शेतकऱ्याची विंचवा-सापातली रात्रपाळी कमी झाली आणि दुपारचं स्वस्त ऊन जागच्या जागी खपलं. स्रोत न बदलता वेळ बदलून साधलेला हा फायदा आहे, आणि आढाव्यात त्याला नव्या प्रकल्पांच्या वरचं स्थान द्यावंसं वाटतं.

पण सहा वाजता सूर्य कलतो आणि बेळ्ळंदूर घरी परततं. दिवे, इंडक्शन शेगड्या, लिफ्टच्या फेऱ्या, पाण्याचे पंप, पार्किंगमध्ये जोडलेल्या विजेच्या गाड्या. या तासांना कोण उभं राहतं?

वारा राहतो, पण ऋतूने. चित्रदुर्ग, गदग, बेळगावच्या पठारांवरच्या पवनचक्क्या, आपल्याकडे साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या, मोसमी वाऱ्यांत रात्रंदिवस फिरतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सौर वीज घटते तेव्हाच वारा भरात असतो, ही जोडी निसर्गानेच जुळवली आहे. ऑक्टोबर आला की पाती मंदावतात. २०२३ साली नेमकं हेच झालं. पाऊस कमी, जलाशय अर्धेमुर्धे, वारा पडलेला, आणि शेतकऱ्यांनी पिकं वाचवायला पंप सोडलेले. मागणी उन्हाळ्यासारखी वाढली. राज्य सरकारला खासगी वीज केंद्रांना सगळी वीज राज्यालाच द्या असा आदेश काढावा लागला आणि पंजाब, उत्तर प्रदेशाकडून उसनी वीज घ्यावी लागली, पुढे परत करण्याच्या बोलीवर. १९८५ च्या आधीची ती जुनी भीती नव्या कपड्यांत परत आली होती.

पाणी अजूनही या कामाला सर्वांत चांगलं. शरावतीचे संच काही मिनिटांत पूर्ण भाराला येतात, कोळशाच्या संचाला तासन् तास लागतात. म्हणूनच दुपारच्या फुकट उन्हात पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडण्याचे प्रकल्प, म्हणजे उदंचन जलविद्युत, सध्या सगळ्यांना हवे आहेत. सह्याद्रीत घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. शरावतीवर २,००० मेगावॉटचा आखलाय, तळकळले आणि गेरुसोप्पे या दोन असलेल्या जलाशयांच्या मध्ये. नवं धरण नको, हा त्याचा गुण. पण मधलं सगळं जंगल सिंहपुच्छ वानरांचं अभयारण्य आहे. त्यातून बोगदे, रस्ते आणि वाहिन्या जाणार. बेळ्ळंदूरची संध्याकाळ उजळायला ते रान कापायचं का, यावर शिवमोग्ग्यात आणि उत्तर कन्नडात मोर्चे निघालेत. मला विचाराल तर घाटमाथ्यावर जंगलाबाहेरच्या जागा आधी संपवाव्यात, शरावतीला मग हात लावावा.

बॅटऱ्या गेल्या दोन-तीन वर्षांत अनपेक्षित वेगाने स्वस्त झाल्या. सौर आणि साठा एकत्र धरून निघालेल्या निविदांत भाव युनिटला साडेतीन रुपयांच्या आत-बाहेर येऊ लागलेत. दोन-चार तासांची संध्याकाळ भागवायला त्या पुरतील. आठवडाभर ढग आणि पडलेला वारा असला तर नाही. लिथियमपासून सेलपर्यंत बहुतेक माल चीनमधून येतो, हेही विसरता येत नाही.

बाकीचे भिडू थोडक्यात. उसाच्या चिपाडावर चालणारी साखर कारखान्यांची सहवीज बेळगाव, कोल्हापूर, सांगली पट्ट्यात मोठी आहे, आणि तिचा गुण असा की गळीत हंगामात ती संध्याकाळीही मिळते. इथेनॉलबद्दल मी तेवढा उत्साही नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं, पण पाणी पिणाऱ्या उसावर किंवा खाण्याच्या मक्यावर गाडी चालवणं आणि त्याला हिरवं म्हणणं पटत नाही. कारवारजवळचं कैगा अणुकेंद्र, २२० मेगावॉटचे चार संच, कसलाही ऋतू न मानता चालतं. तिथल्या एका संचाने २०१८ साली न थांबता ९६२ दिवस चालण्याचा विक्रम केला. अणुऊर्जा नवीकरणीय नाही, पण रात्रीच्या विजेचा हिशेब मांडताना तिला वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आणि बेळ्ळंदूरचं तळं? सुमारे ९०० एकरांच्या या तळ्याला मे २०१५, फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये आगी लागल्या. शेवटच्या वेळी लष्कराचे जवान बोलवावे लागले. कोरडं गवत कुणी पेटवलं की सांडपाण्याच्या गाळातून निघणारा मिथेन पेटला, यावर अधिकारी आणि शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. मिथेन म्हणजे पुरा गावातल्या शेणातून निघत होता तोच वायू, तेव्हा ही आग पाहून 'बघा, तळ्यात वीज आहे' असं म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. मोह आवरावा. सांडपाण्याच्या गाळापासून गॅस करून वीज बनवता येते, बनवतातही, पण त्यातून बहुधा त्या शुद्धीकरण केंद्राच्या पंपांचा खर्चही पुरता भागत नाही. मैलापाणी तळ्यात जाऊ न देणं हे त्याचं काम. वीज मिळालीच तर वरकड.

इथल्या संध्याकाळी दुसरीच एक आग रोज लागते. वीज गेली की तळघरातला डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू होतो. एका लिटर डिझेलमधून साडेतीनेक युनिट मिळतात. लिटर नव्वद रुपयांच्या घरात धरला तर एका युनिटचा भाव पंचवीस रुपयांवर जातो, नुसत्या इंधनाचा. त्यात देखभाल, तेल, फिल्टर वेगळे. देशात याहून महाग आणि याहून काळी वीज शोधावी लागेल, आणि ती आपण बिलात 'पॉवर बॅकअप' या नावाखाली कुरकुर न करता भरतो. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे दोन तास चालवणारी बॅटरी आज डीजीच्या जागी आर्थिकदृष्ट्या उभी राहू शकते. जीवाश्म इंधन हटवायचं तर बेळ्ळंदूरमध्ये सुरुवात याच ठिकाणाहून व्हावी, गच्चीवरच्या पॅनेलच्याही आधी.

विजेच्या गाड्यांचं तसंच. पेट्रोल बंद झालं हे खरं, पण रात्री अकराला पार्किंगमध्ये लावलेली गाडी बरांज-रायचूरवर चार्ज होते. तीच गाडी दुपारी कचेरीच्या पार्किंगमध्ये लावली तर पावगडावर होईल. रिंग रोडवरच्या कंपन्यांनी मोठाले सौर करार केलेत, ते जाहिरातीत मिरवतातही. कर्मचाऱ्यांच्या गाड्यांना दिवसा पुरेसे चार्जर देणाऱ्या कंपन्या त्या मानाने कमीच दिसतात.

हे सगळं वेळेवर आणायला किमतीचा दट्ट्या लागतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत तशी तरतूद आहे. उन्हाच्या तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त, जास्त मागणीच्या तासांत तितकीच महाग. मोठ्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना एप्रिल २०२४ पासून, शेती वगळता इतरांना एप्रिल २०२५ पासून, पण स्मार्ट मीटर बसल्यावरच. बहुतेक घरांत तो मीटर अजून यायचा आहे. सोसायटीला मात्र त्यासाठी थांबायची गरज नाही. पाण्याच्या टाक्या दुपारी भरणं, ब्लोअरचे जास्तीचे तास उन्हात घेणं, चार्जरला टायमर लावणं, या गोष्टी पुढच्या सभेत एका ठरावात बसतील, आणि प्लंबर-इलेक्ट्रिशियनला एका दिवसात करता येतील.